आधी रक्ताचा रिपोर्ट, मग व्यायाम : सोलापुरातील एका फिजिओथेरपी केंद्राचा सात महिन्यांचा अनुभव

माझी नऊ वर्षांची मुलगी गेले सात महिने सोलापुरात होटगी रस्त्याकडच्या भागातील एका फिजिओथेरपी केंद्राच्या देखरेखीखाली आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्या आठवड्यात आमच्या घरात औषध, पैसा, सुट्टी आणि देव यांच्याखेरीज दुसरा विषय नव्हता, आणि तिच्या पायांत किती ताकद उरली आहे हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्या मनात आला नाही. तो प्रश्न या केंद्राने विचारला. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहिल्या आहेत आणि त्यांतल्या काही दूर करण्याचे काम तेथे सुरू आहे. मात्र अशी सेवा शोधणाऱ्या आईवडिलांना काय पाहावे आणि काय विचारावे हे कळावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडे मागचे सांगणे आवश्यक आहे. ऑगस्टमध्ये मुलीच्या पिंडऱ्या आणि गुडघे दुखू लागले. सगळे म्हणाले, वाढते वय आहे, हाडे वाढताना दुखतातच. आम्ही तिला घराजवळच्या दुसऱ्याच एका केंद्रात नेले आणि तेथे तीन आठवडे रोज शेक देण्यात आला व मशीन लावण्यात आले. या तीन आठवड्यांत ती फिकट होत गेली, तिला बारीक ताप येऊ लागला, दोन वेळा ती रात्री दुखण्याने जागी झाली. पण रक्त तपासून घ्या असे तेथे कोणी म्हणाले नाही आणि आम्हालाही सुचले नाही. मुलांचे पाय दुखण्यामागे बहुतेक वेळा गंभीर काही नसते, हे खरे आहे. परंतु दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, सोबत ताप, फिकेपणा किंवा अंगावर कारण नसताना निळे डाग असतील, तर साधी सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशी मोजणारी तपासणी, करून घ्यायलाच हवी, हे मी आज भेटेल त्याला सांगतो. ही पार्श्वभूमी असल्यामुळे नव्या केंद्रातील फिजिओथेरपिस्ट मॅडमनी वॉर्डात आल्यावर नमस्कारानंतर पहिलेच वाक्य, "शेवटचा सीबीसी कधीचा आहे, मला आधी तो दाखवा," असे उच्चारले, तेव्हा मला किती धीर आला हे सांगणे कठीण आहे.

उपचार सुरू होऊन तेव्हा चौथा दिवस होता. मॅडम रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आल्या होत्या आणि त्या दिवशी त्यांनी एकही व्यायाम दिला नाही, केवळ मोजणी केली. हाताची पकड मोजण्याच्या उपकरणावर मुलीचा उजवा हात नऊ किलोवर थांबला. खुर्चीवरून तीस सेकंदांत ती चौदा वेळा उठली. वॉर्डाबाहेरच्या बोळात दोन खुणा करून सहा मिनिटे तिला तिच्या चालीने चालायला सांगितले, मध्ये थांबायची मुभा दिली, आणि ती ३८० मीटर चालली. घोट्याची हालचाल कोनमापकासारख्या साधनाने अंशांत मोजली. शेवटी तिला टाचांवर चार पावले चालायला आणि जमिनीवर मांडी घालून बसून हात न टेकता उठायला सांगितले. ही शेवटची चाचणी मला विशेष वाटली. खुर्चीवरून उठण्याच्या चाचण्या सगळीकडे असतात. पण आमच्यासारख्या घरात मूल जेवायला जमिनीवर बसते, अभ्यासाला जमिनीवर बसते, शौचालयही भारतीय पद्धतीचे असते, आणि त्यामुळे मांडीच्या स्नायूंची खरी परीक्षा तेथेच होते. मुलगी एक हात गुडघ्यावर दाबून उठली. मॅडमनी तेही वहीत लिहून घेतले.

मी विचारले, औषधे तर आत्ताच सुरू झाली, मग आताच का मोजता? त्यांनी दिलेले उत्तर मला पुढच्या सगळ्या महिन्यांत उपयोगी पडले. नुकतेच निदान झालेल्या मुलांची ताकद आणि दम उपचाराच्या पहिल्या दिवशीच समवयस्क निरोगी मुलांपेक्षा कमी असतो, असे अनेक देशांतील मोजण्यांमधून दिसून आले आहे. त्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. अस्थिमज्जेत कर्कपेशी दाटल्याने तांबड्या पेशी कमी तयार होतात, हिमोग्लोबिन उतरते आणि स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. हाडे दुखत असल्यामुळे मूल निदानाच्या कितीतरी आठवडे आधीपासून खेळणे सोडून देते. ताप आणि मंदावलेली भूक यांनी स्नायू आणखी झिजतात. म्हणजे आपण ज्याला उपचाराचा अशक्तपणा म्हणतो, त्याचा काही भाग उपचाराच्या आधीच येऊन बसलेला असतो. पहिल्या आठवड्यातला आकडा हातात नसेल, तर पुढे किती गेले आणि किती परत आले, हे कशाच्या आधारे ठरवायचे? माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि बाकी सगळे नंतरचे आहे.

पहिले चार-पाच आठवडे, ज्याला डॉक्टर इंडक्शन म्हणतात, तेव्हा काय काय होऊ शकते याची कल्पना मॅडमनी आम्हाला आधीच दिली होती. स्टेरॉईडमुळे भूक वाढते, चेहरा गोल होतो, चिडचिड होते, हे रुग्णालयातही सांगितले गेले होते. पण त्याच स्टेरॉईडने मांड्यांचे आणि खुब्याजवळचे स्नायू क्षीण होतात, त्यामुळे वजन वाढूनही मूल जिना चढू शकत नाही, हे आम्हाला येथेच कळले. आठवड्यातून एकदा शिरेतून दिले जाणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध नसांवर परिणाम करते, आणि त्याचा फटका बहुधा पावलांना आधी बसतो. पाऊल घोट्यातून वर उचलले जात नाही, चालताना पंजा घासतो. याची सुरुवात ओळखण्याची मॅडमनी सांगितलेली खूण इतकी साधी होती की ती माझ्या आईलाही लगेच कळली : चालताना पायातली चप्पल वारंवार निसटू लागली, किंवा मूल उंबरठ्याला ठेचकाळू लागले, तर त्याच दिवशी फोन करा. तिसऱ्या मात्रेनंतर आठवडाभरात मुलीची डाव्या पायातली चप्पल स्वयंपाकघराच्या दारात राहिली. टाचांवर चालायला सांगितले, तर पंजा वर उचलेना. आम्ही फोन केला, मॅडमनी स्वतः रुग्णालयातील डॉक्टरांना कळवले, आणि रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा हलका स्प्लिंट दोन दिवसांत मिळाला. अशी खूण आधी माहीत नसती, तर आम्ही दुकानात जाऊन नवी चप्पल आणली असती.

इंडक्शन संपले तेव्हा पुन्हा मोजणी झाली. पकड साडेसहा किलो, सहा मिनिटांत २९० मीटर, खुर्चीवरून सात वेळा उठणे, आणि जमिनीवरून उठताना दोन्ही हात आधी जमिनीवर व मग मांड्यांवर टेकत वर येणे. आकडे पाहून मुलीची आई रडली. मॅडमनी तिला शांतपणे सांगितले की इंडक्शननंतर असे उतरलेले आकडे त्यांना अनेक मुलांमध्ये दिसतात, आणि हे मोजले गेल्यामुळे आता परत मिळवायचे नेमके काय हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही, याची मी कृतज्ञतेने नोंद करतो.

केंद्राच्या भिंतीवर एक मोठा तक्ता आहे. मुलाच्या ताज्या रक्त तपासणीनुसार त्या दिवशी कोणता व्यायाम चालेल हे त्यात तीन रंगांत लिहिले आहे. त्यांच्या पद्धतीनुसार प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, ५० हजारांच्या वर असतील तरच रबरी पट्ट्या ओढण्यासारखे ताकदीचे व्यायाम होतात. २० ते ५० हजारांच्या दरम्यान चालणे, ताणाचे हलके प्रकार आणि तोल सांभाळण्याचे खेळ. त्याखाली पलंगावरच्या हालचाली आणि श्वासाचे व्यायाम. ताप असेल त्या दिवशी काहीही नाही, थेट रुग्णालय. पाठीच्या कण्यातून औषध दिल्याच्या दिवशी पूर्ण विश्रांती. हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर दम लागेल असे काहीच नाही. या मर्यादा प्रत्येक रुग्णालयाच्या थोड्या वेगळ्या असतात आणि आपल्या मुलाच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा, हेही त्याच तक्त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिले आहे. सात महिन्यांत तीन वेळा आम्ही रिक्षा करून तेथे पोहोचल्यावर, रिपोर्ट पाहून, व्यायाम न देता आम्हाला परत पाठवण्यात आले. तिन्ही वेळा त्यांनी शुल्क घेतले नाही.

घरची लढाई वेगळी होती. माझी आई रोज म्हणायची, "पोरीच्या अंगात रगत नाही, तिला कशाला उठवताय, निजू द्या की." भेटायला येणारे नारळपाणी घेऊन यायचे आणि जाताना मुलीला आवर्जून सांगायचे, अजिबात उठायचे नाही, नुसता आराम करायचा. यांत प्रेमच होते. परंतु त्या प्रेमाने मुलगी दिवसाचे वीस तास पलंगावर राहू लागली. मॅडमनी एकदा आईलाच केंद्रात बोलावून घेतले आणि विचारले, "आजी, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला दुसऱ्या दिवशी चालवले होते ना? का बरं चालवले असेल?" त्यानंतर आईच रोज संध्याकाळी नातीचा हात धरून गच्चीवर फेऱ्या घालू लागली. कर्करोगग्रस्त मुलांच्या व्यायामासंबंधी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा गाभाही असाच आहे : हालचाल प्रत्येक मुलासाठी महत्त्वाची आहे, ती मुलाच्या त्या दिवसाच्या प्रकृतीप्रमाणे बदलावी, आणि थोडी केली तरी ती काहीच न करण्यापेक्षा चांगली.

व्यायामांची आखणी हा या केंद्राचा दुसरा मोठा गुण. येथे मुलाला मोठ्या माणसाची छोटी प्रत समजले जात नाही. पिंडरीचा ताण घेण्यासाठी घरातला सोलापुरी टॉवेल पंजाखालून घेऊन दोन्ही हातांनी ओढायचा. पायरीवर चढ-उतार करताना पाढे म्हणायचे, आणि पाढा चुकला की पायरी पुन्हा. पावलाच्या बोटांनी फरशीवरचे शेंगदाणे उचलून वाटीत टाकायचे, हा तर घरातल्या सगळ्यांचा खेळ झाला. पण मला सर्वांत जास्त आठवते ती काठी. डिसेंबरात गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या तयारीसाठी रात्री नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीत उभ्या धरून नेल्या जाणाऱ्या उंच काठ्यांचा, सराव सुरू झाला आणि मुलगी उदास झाली, कारण यात्रेच्या दिवसांत तिच्या पांढऱ्या पेशी कमी असण्याची शक्यता होती आणि गर्दीत नेण्यास डॉक्टरांची सक्त मनाई होती. तिने मॅडमना विचारले, "मी घरी नंदीध्वज धरू शकते का?" दुसऱ्या कोणी हसून विषय टाळला असता. मॅडमनी तिच्या डाव्या दंडातील पिक लाईन, म्हणजे औषधासाठी शिरेत बसवलेली नळी, तपासली, त्या हाताने ओझे उचलायचे नाही हे पुन्हा बजावले, आणि तिच्या उंचीची एक पातळ वेळूची काठी मागवली. उजव्या हाताने काठी उभी धरायची, पाठ ताठ ठेवायची आणि फरशीवर आखलेल्या रेषेवरून काठी न झुकवता चालायचे. पोट, पाठ आणि घोटे या तिन्हींची ताकद व तोल एकाच खेळात. संक्रांतीच्या दिवसांत मिरवणुकीचे चित्रण ती मोबाईलवर पाहत होती आणि यात्रेतल्या बाराबंदी पोशाखासारखा पांढरा सदरा घालून घरातल्या बोळातून काठी घेऊन सात फेऱ्या घालत होती, कारण नंदीध्वज सात असतात. एकही फेरी तिने सोडली नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करायला हवा. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून राबवलेल्या ‘रिस्पेक्ट’ या उपक्रमात, नुकतेच निदान झालेल्या शाळकरी मुलांसाठी त्यांच्याच वर्गातील दोन मित्र निवडले जातात. ते रुग्णालयात येतात, सोबत अभ्यास करतात आणि सोबत व्यायामही करतात. मॅडमना याची माहिती होती. संसर्गाच्या भीतीने आम्हाला मुले घरी बोलावता येत नव्हती, म्हणून त्यांनी वर्गातील दोन मैत्रिणींना आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर घेऊन तिघींना एकत्र व्यायाम करायला लावले. मी स्वतः शिक्षक आहे. आजारी मुलाची शाळा म्हणजे घरी पाठवलेल्या वह्या, इतकाच विचार मी आजवर करत आलो होतो, याचे मला वाईट वाटले.

आता उणिवा. केंद्रात प्रतीक्षेची जागा एकच आहे आणि तेथे मोठी माणसे, त्यांतली काही खोकणारी, मुलांच्या शेजारीच बसतात. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलासाठी हे धोक्याचे आहे. आम्ही तक्रार केल्यावर मुलांना सकाळी आठ ते नऊ ही वेगळी वेळ देण्यात आली, परंतु ती आठवड्यातून दोनच दिवस आहे आणि आधी नोंदवली नाही तर मिळत नाही. पकड मोजण्याचे उपकरण मोठ्यांच्या हाताचे आहे; त्याची मूठ सर्वांत लहान मापावर आणूनही मुलीची बोटे पूर्ण वळत नव्हती, त्यामुळे पहिल्या दोन आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास नाही, आणि हे मी त्यांना सांगितले आहे. घरी करायच्या व्यायामांचा कागद इंग्रजीत छापलेला होता. आमचे निभावले, पण आमच्या शेजारी बसणाऱ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातील आईने तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि मुलाला अंदाजाने व्यायाम दिला, हे मी स्वतः पाहिले. आता मराठी कागद मिळतो. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड कागदही तितकेच आवश्यक आहेत, आणि ते व्हावेत म्हणून मी पाठपुरावा करतो आहे. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. इंडक्शननंतरच्या महिन्यात मी मुलीला कडेवर घेऊन तो जिना चढलो आहे. ताकद गमावलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या जागेत ही अडचण लवकर दूर व्हायला हवी.

खर्चाबाबत स्पष्ट लिहितो. एका वेळेचे ४०० रुपये, मोजणीच्या दिवशी ६००. आठवड्यातून दोनदा जावे लागते, आणि आम्हाला ही रक्कम पूर्णपणे खिशातून द्यावी लागली. दुसऱ्या महिन्यात मी अडचण सांगितली तेव्हा मॅडमनी एक भेट फोनवर घेण्याचा मार्ग काढला. तरीही हातमागावर किंवा विडीच्या कामावर चालणाऱ्या घरासाठी हा खर्च मोठा आहे. शासकीय रुग्णालयांतही फिजिओथेरपी विभाग असतात. निदान झाल्यावर आईवडिलांनी तेथे सुरुवातीच्या मोजणीची मागणी तरी जरूर करावी. पकडीचे उपकरण नसले तरी सहा मिनिटांचे चालणे, खुर्चीवरून उठणे आणि जमिनीवरून उठणे यांना घड्याळ, टेप आणि लक्ष देणारा एक माणूस पुरतो.

सोलापुरातील अनेक कुटुंबे सिद्धेश्वर एक्सप्रेसने परळच्या टाटा रुग्णालयात जातात आणि उपचाराची आखणी घेऊन परततात. त्यांच्यासाठी हे केंद्र उपयोगी ठरेल, कारण मुंबईच्या फाईलमधील औषधांचे वेळापत्रक येथे नीट वाचले जाते आणि व्यायाम त्याप्रमाणे बदलले जातात. मेंदूची गाठ किंवा हाडाचा कर्करोग असलेल्या मुलांसाठी मात्र मी शिफारस करू शकत नाही. त्यांना लागणारी देखरेख वेगळी असते, आणि मॅडम स्वतःच अशा मुलांना मोठ्या केंद्राकडे पाठवताना मी पाहिले आहे. जाताना ४८ तासांच्या आतला सीबीसी, घट्ट बसणारे मागे पट्टा असलेले बूट, पाण्याची स्वतःची बाटली आणि स्वतःचा टॉवेल न्यावा. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतरची वेळ घेऊ नये. येथल्या उन्हात रिक्षातून पोहोचेपर्यंतच मूल गळून जाते.

मागच्या आठवड्यात चौथी मोजणी झाली. पकड अकरा किलो, सहा मिनिटांत ४५५ मीटर, खुर्चीवरून सोळा वेळा. टाचांवर ती आता आठ पावले चालते, डाव्या पायाचा पंजा अजून किंचित खाली राहतो. जमिनीवरून उठताना तिने एक हात गुडघ्याकडे नेला आणि मग स्वतःच मागे घेतला. जूनमध्ये स्टेरॉईड आणि व्हिन्क्रिस्टिनचा पुढचा टप्पा सुरू होईल आणि हे आकडे पुन्हा उतरतील, असे मॅडमनी आम्हाला व मुलीलाही स्पष्ट सांगितले आहे. त्या टप्प्याच्या आदल्या सोमवारी सकाळी आठची वेळ आम्ही नोंदवून ठेवली आहे.